कुंडींतील ऑर्किड आणि भातशेतकऱ्याचा हात

शेतकरी मंडळाच्या मासिकांत कुंडींतल्या शोभेच्या रोपावर लेख पाहून कित्येक वाचक नाक मुरडतील, हें मी जाणून आहें. भात, आंबा, भाजीपाला हे विषय सोडून हा रिकामपणचा उद्योग येथें कशाला, असा त्यांचा प्रश्न असेल, आणि तो गैरही नाहीं. परंतु नवी मुंबईच्या आसपासच्या आपल्या पुष्कळ सभासदांची स्थिति आज अशी आहे कीं, सातबाऱ्यावर थोडेच गुंठे उरले आहेत आणि राहणें इमारतीच्या चौथ्या-पांचव्या मजल्यावर आहे. इ. स. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां ठरल्या, आणि ज्या खाचरांत आपले वाडवडील चिखलणी करीत, त्यांवर आज वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर हीं नगरें उभीं आहेत. त्या नव्या घरांतून गणपतीला, वास्तुशांतीला किंवा लग्नकार्यांत भेट म्हणून ऑर्किडाची कुंडी येते. दोन-तीन महिन्यांत फुलें झडतात, सहा महिन्यांत झाड मरतें, आणि ‘परदेशी झाड, आपल्या हवेंत जगावयाचें नाहीं’ असा शेरा मारून रिकामी कुंडी जिन्याखालीं जाते.

हा शेरा चुकीचा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. तें झाड आपल्या हवेनें मरत नाहीं, आपल्या हातानें मरतें. आणि ज्या संवयीनें तें मरतें, तीच संवय आपल्या उरल्यासुरल्या शेताचेंही नुकसान करीत आहे. म्हणून हा विषय या मासिकाचा आहे, असें मी समजतों.

मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नाहीं. शिक्षण बेताचें, तेंही मराठी शाळेंतलें. उभा जन्म महसूल खात्यांत फेरफार आणि पीकपाहणीचीं कागदपत्रें लिहिण्यांत गेला. या झाडाकडे वळण्याचें कारण आमच्या घरांतच घडलें. माझे वडील आतां ८१ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वीं दिवाळींत त्यांच्या नातसुनेनें पांढऱ्या फुलांचें एक ऑर्किड विकत आणिलें आणि ‘आजोबा, हें तुम्ही सांभाळा’ म्हणून त्यांच्या स्वाधीन केलें. वडिलांनीं तें मनापासून सांभाळिलें. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलें. पानें मऊ पडूं लागलीं, तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं झाडाला माती नाहीं म्हणून तें खंगत आहे. भुशांत आणि शेवाळांत कोणाचें पीक आलें आहे? ते स्वतः गांवीं गेले, उरलेल्या सहा गुंठ्यांतून पिशवीभर खाचराची माती घेऊन आले आणि रोप त्या मातींत लाविलें. पंधरा दिवसांत तें मेलें. मीं उपटून पाहिलें, तों मुळें काळीं व मऊ झालेलीं; बोटांत धरतांच साल निसटून येई आणि आंतला दोरा तेवढा हातांत राही. वडील कांहीं बोलले नाहींत. रात्रीं मात्र एवढेंच म्हणाले, ‘आतां हातचं रोपही जगत नाहीं.’ साठ वर्षें भात लाविलेल्या माणसाच्या तोंडचें तें वाक्य मला लागलें, आणि मीं या झाडाची चौकशी आरंभिली.

चौकशींत पहिली गोष्ट कळली ती ही कीं, दोष वडिलांच्या मायेचा नव्हता, त्यांच्या अनुभवाचा होता. भात हें पाण्यांत उभें राहणारें पीक आहे. त्याच्या अंगांत पानांकडून मुळांकडे हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून चिखलांतही त्याचीं मुळें गुदमरत नाहींत. भातकऱ्याच्या हाताला पिढ्यान् पिढ्या एकच भीति ठाऊक, ती पाणी तुटण्याची. ऑर्किडाचें सर्व याच्या उलट आहे. मराठींत ज्यांना आमरी म्हणतात त्या या कुळाच्या जगांत २५ हजारांहून अधिक जाती आहेत; भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आपल्या देशांतील १,२५६ जाती नोंदल्या आहेत. त्यांतील कांहीं, अमरकंदासारख्या, जमिनींत कंद धरून वाढतात. परंतु बाजारांत कुंडींतून मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा या मुख्यतः झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या आहेत. फांदीवर माती नसते. पावसाची सर येते, मुळें भिजतात, आणि पुढच्या प्रहरीं वारा तीं सुकवून टाकतो. या मुळांवर स्पंजासारखें पांढरें जाड वेष्टण असतें. तें सरीचें पाणी क्षणांत शोषून घेतें आणि आंतल्या मुळास सावकाश पुरवितें. तें वेष्टण अहोरात्र ओलें राहिलें कीं कुजतें. वडिलांनीं पाणी घालून त्या झाडाचा श्वास कोंडला होता.

दुसरें असें कीं, ‘परदेशी झाड, आपली हवा मानवत नाहीं’ हें म्हणणें खरें नाहीं. घरोघर येणारें जें फॅलेनॉप्सिस, त्याचे मूळ पूर्वज फिलिपाईन्स, इंडोनेशिया अशा उष्ण व दमट बेटांवरच्या अरण्यांतले आहेत. आपल्या खाडीकांठची हवा त्यास बर्फाळ देशांतील बंद घरांपेक्षां पुष्कळ जवळची. आणि आपल्या सह्याद्रींत हें कूळ मुळींच परकें नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत जंगलांतल्या जुन्या झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांची जी सीतेची वेणी लोंबते, ती ऑर्किडच होय. तिच्याच जातीचें फूल आसामांत कोपौ म्हणून प्रसिद्ध असून बिहूच्या सणांत स्त्रिया तें केसांत माळतात.

येथें बागाईतदार बंधूंस एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. आंब्यावर ऑर्किड दिसलें कीं आपण त्यास बांडगूळ समजून कोयत्यानें खरवडून टाकतों. बांडगूळ हें खरोखर चोर आहे. तें आपलीं मुळें फांदीच्या आंत घुसवून तिचा रस पितें, आणि तें फांदीसह छाटलेंच पाहिजे. ऑर्किड सालीवर नुसतें बसतें. त्याचें अन्न हवेंतल्या धुळींत, पावसाच्या पाण्यांत व कुजलेल्या पाल्यांत आहे. आंब्याच्या रसांत तें तोंड घालीत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे. बांडगूळ जेथें चिकटतें, तेथें फांदीला गांठ येते. ऑर्किडाचीं पांढुरकीं मुळें सालीवरून दोऱ्यांसारखीं पसरलेलीं दिसतात. चोरास शासन करावें. पाहुण्यास करूं नये.

आपल्यासारखीच चूक थोरामोठ्यांनीं केलेली आहे, हें वाचून मला थोडें समाधान झालें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील धनिकांस ऑर्किडांचें वेड लागलें होतें. उष्ण देशांतलें झाड म्हणून ते काचेच्या बंद घरांत भट्टी पेटवीत, वाफ कोंडून ठेवीत, आणि हजारों झाडें त्या कोंडलेल्या वाफेंत कुजून गेलीं. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा होता. त्या बागेकरितां जॉन गिब्सन नांवाच्या माळ्यास इ. स. १८३५ मध्यें हिंदुस्थानांत पाठविण्यांत आलें, व त्यानें खासी टेकड्यांतून पुष्कळ ऑर्किडें नेलीं. पॅक्स्टननें हवा खेळती ठेविली, उष्णता कमी केली, झाडाचें मूळ स्थान पाहून त्यास जागा दिली. तेव्हां तीं जगूं लागलीं. पैसा, काच आणि कोळसा यांनीं जें झालें नाहीं, तें खिडकी उघडल्यानें झालें.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. ही मीं तीन वर्षें वहींत नोंदी ठेवून पारखलेली आहे.

कुंडीला तळाशीं व शक्य तर बाजूंनाही भोकें असावींत. तींत माती चिमूटभरही घालूं नये. लांकडी कोळशाचे व विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एकत्र करून भरावे. सोडणांत क्षार व कस असतो, म्हणून तीं आधीं तीन-चार दिवस, रोज पाणी बदलून, भिजत ठेवावीं. विकतच्या रोपाच्या बुंध्याशीं बहुधा शेवाळाचा घट्ट गोळा असतो. वरून कोरडा दिसला तरी तो पोटांत ओला राहतो, आणि पुष्कळ झाडांचा काळ तोच ठरतो. फुलें संपलीं कीं तो सोडवून काढावा, कुजलेलीं मुळें स्वच्छ कात्रीनें कापावीं व झाड नव्या भरींत बसवावें. तसेंच शोभेसाठीं जी बिनभोकांची चिनी मातीची बाहेरली कुंडी देतात, तिच्या तळाशीं पाणी सांचतें; पाणी घालतांना आंतली कुंडी बाहेर काढावी व पूर्ण निथळल्यावरच परत ठेवावी.

पाणी केव्हां द्यावें, हें घड्याळास किंवा पंचांगास विचारूं नये, मुळांस विचारावें. मूळ हिरवें दिसत आहे तोंपर्यंत तें ओलें आहे. रुपेरी-पांढरें झालें म्हणजे तहानलें आहे. म्हणूनच फॅलेनॉप्सिस पारदर्शक कुंडींत लावितात. कुंडी हातांत उचलून तिचें वजन पाहण्याचीही संवय करावी. पाणी सकाळीं द्यावें, भरपूर द्यावें, आणि सर्व निथळूं द्यावें. पानांच्या बेचक्यांत थेंब राहिला तर कापसानें टिपून घ्यावा, नाहीं तर गाभा कुजतो. माझ्या वहीप्रमाणें आमच्या पूर्वेच्या खिडकींत एप्रिल-मेमध्यें एक दिवसाआड, थंडींत पांच-सहा दिवसांनीं, आणि जुलै-ऑगस्टच्या झडींत कधीं कधीं दहा-बारा दिवसांनीं पाणी लागलें. आपल्या घरचा आंकडा निराळा निघेल. खाडीकांठच्या खाऱ्या बोअरवेलचें पाणी मात्र कधींही घालूं नये. नळाचें गोडें पाणी किंवा पागोळीचें धरून ठेविलेलें पाणी उत्तम.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचें ऊन अंगावर नको. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेची असल्यास पातळ पडदा लावावा. पान गर्द हिरवें होऊन फूल येत नसेल तर उजेड कमी पडतो. पिवळट झालें किंवा त्यावर भाजल्यासारखे डाग पडले तर ऊन जास्त होतें. हवा खेळती पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यांत खिडक्या बंद करून ठेवतात, आणि त्याच महिन्यांत झाडें अधिक मरतात. त्या दिवसांत छताचा पंखा मंद चालू ठेवणें हें खत घालण्याहून हिताचें. वातानुकूलन यंत्राचा कोरडा झोत मात्र झाडावर येऊं देऊं नये.

खत आपल्या ओळखीचेंच आहे. ठिबकांतून आपण जें १९:१९:१९ सोडतों, तेंच लिटरभर पाण्यांत अर्धा ग्रॅम, आठवड्यांतून एकदां, तेंही झाड वाढीस असतांना. शेताच्या हिशेबानें तीन-चार ग्रॅम घातलें तर मुळांचीं टोकें काळीं पडतात. महिन्यांतून एकदां नुसतें पाणी भरपूर सोडून सांचलेले क्षार धुऊन काढावे. पौष-माघांत आपल्याकडे रात्रीं हवा थोडी गार होते, तेव्हां फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा निघतो. त्या सुमारास त्याची जागा व दिशा बदलूं नये. हिंवाळ्यांत डेंड्रोबियमच्या कांहीं जाती पानें गाळतात व पुढें उघड्या काठीवर फुलतात. झाड मेलें असें समजून तें फेंकूं नये, पाणी मात्र कमी करावें. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसल्यास स्पिरिटांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें पुसून काढावी. शेतांतलें विषारी औषध राहत्या घरांत फवारण्याचा मोह कोणीही धरूं नये.

रोप कोठून घ्यावें, याविषयीं माझें मत कडक आहे. जंगलांतून ओरबाडून आणिलेलें रोप घेऊं नये व स्वतः आणूं नये. कर्नाळा हें इ. स. १९६८ पासून अभयारण्य आहे. तेथील फांदीवरचें रोप आणणें म्हणजे गुन्हाच. निळी व्हँडा व लेडीज स्लिपर या जातींस इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण आहे. आणि त्याची गरजही राहिलेली नाहीं. ऑर्किडाचें बीं धुळीसारखें बारीक असतें व त्यांत शिदोरी नसते. रानांत विशिष्ट बुरशीची संगत मिळाली तरच तें रुजतें. हें रहस्य नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें इ. स. १८९९ मध्यें उकललें. इ. स. १९२२ मध्यें अमेरिकेंत लुइस नडसन यानें साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीवांचून बीं रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि इ. स. १९६० मध्यें जॉर्ज मोरेल यानें कोंबाच्या टोंकापासून पुष्कळ रोपें करण्याचा मार्ग दाखविला. आज बाजारांतलीं रोपें अशाच प्रयोगशाळांतून लाखांनीं येतात. रान लुटून आणिलेलें रोप मात्र बहुधा वर्षभरांत मरतें, आणि रानांत त्याची जागा भरावयास कित्येक वर्षें लागतात.

कोणी विचारील, यांत पैसा किती? दांड्यावरच्या फुलांसाठीं शेडनेटखालीं डेंड्रोबियम लावणारे शेतकरी आहेत, आणि ज्यांच्यापाशीं पाणी, सावली, बाजार व धीर आहे, त्यांनीं तो धंदा अवश्य तपासावा. पण दुसऱ्याचें ऐकून उडी घेऊं नये. व्हॅनिला हेंही ऑर्किडच आहे. सुमारें इ. स. २००३ च्या तेजींत कर्नाटक व केरळांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं त्याचे वेल लाविले, आणि दोन-तीन वर्षांत भाव कोसळतांच तेच वेल उपटून टाकिले. आधीं खिडकींत पांच झाडें तीन वर्षें जगवून दाखवावीं. मग पांच गुंठ्यांचा विचार करावा.

माझा खरा मुद्दा पैशाचा नाहीं. ठिबक आलें, विजेचे पंप आले, पाण्यांत विरघळणारीं खतें आलीं. देणें सोपें झालें, आणि देणें म्हणजेच शेती असें आपण समजूं लागलों. मिरची, आलें, पपई यांचीं मुळें पाणी सांचून कुजतात, आणि आपण रोगाचें औषध शोधत हिंडतों. पान मलूल दिसलें कीं आपला हात पाण्याच्या खटक्याकडे जातो. मूळ उकरून पाहण्याचें कोणास सुचत नाहीं. ओलें कुजलेलें मूळ आणि कोरडें तहानलेलें मूळ, दोन्हींचें पान सारखेंच मान टाकतें. हा भेद शेतांत जमिनीखालीं झांकलेला असतो. ऑर्किडाच्या कुंडींत तो डोळ्यांसमोर असतो. म्हणून मी म्हणतों कीं, हें झाड शेतकऱ्याच्या घरांत शोभेसाठीं नसलें तरी शिकण्यासाठीं असावें. विशेषतः ज्या मुलांनीं शेत पाहिलेंच नाहीं, त्यांस मूळ कसें जगतें हें दाखविण्यास याहून स्वस्त शाळा मला ठाऊक नाहीं.

वडिलांसाठीं मीं दुसरें रोप आणिलें, तेव्हां त्यांनीं आधीं हात लाविला नाहीं. मग मीं त्यांस मुळांचा रंग दाखविला. दुसऱ्या दिवसापासून ते चष्मा लावून खिडकीशीं बसूं लागले. पाणी घालण्याच्या तांब्याशीं त्यांचा हात जाई, पुन्हां मागें येई. पहिल्या महिन्यांत हें त्यांना फार जड गेलें; ‘तहानलेल्याला नाहीं म्हणायचं कसं?’ असें ते म्हणत. आतां तेच घरांतल्यांस दटावतात, ‘हिरवं आहे अजून, उद्यां.’ त्या रोपाला गेल्या दोन माघांत दांडा आला. गेल्या पावसाळ्यांत गांवच्या सहा गुंठ्यांत लाविलेली मिरची मलूल पडली, तेव्हां पुतण्या पाणी सोडावयास निघाला होता. वडिलांनीं त्यास थांबवून आधीं एक रोप उपटावयास लाविलें. मूळ काळें होतें. पाण्याऐवजीं चर खणला, आणि अर्ध्याहून अधिक मिरची वांचली.

पीकपाहणींत शेवटीं शेऱ्याचा एक रकाना असतो. उभ्या नोकरींत मीं त्यांत दुसऱ्यांच्या पिकांविषयीं लिहिलें. आमच्या खिडकीच्या वहींत त्या रकान्यांत एकच शेरा आहे, तो सर्व शेतकरी बंधुभगिनींच्या विचारार्थ येथें देतों: पाणी देण्यापूर्वीं मूळ पाहावें.